मसाजचं बिल मेडिक्लेमवर चालतं का? बिलबुक छापायच्या आधी हे वाचा



मसाज सेंटर किंवा वेलनेस सेंटर सुरू करू पाहणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, कस्टमरला मेडिक्लेमवर बिल देता आलं तर धंदा डबल होईल ना?" व्हिडिओत यावर दहा मिनिटं बोललो, पण हा विषय दहा मिनिटांचा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये दोन ठिकाणी आकडेमोड आहे.

आधी थोडक्यात उत्तर. विमा कंपनी मसाजला पैसे देत नाही, उपचाराला देते. तेच तेल, तोच टेबल, तेच हात. पण एका जागी त्याचं बिल पास होतं आणि दुसऱ्या जागी होत नाही. फरक पडतो तो चार गोष्टींनी : जागा कोणती म्हणून नोंदलेली आहे, उपचार कोणी लिहून दिला, कोणत्या आजारासाठी दिला आणि त्याची रोजची नोंद आहे का. म्हणजे बिल हा शेवटचा कागद आहे. ते पास होणार की नाही हे तुम्ही दुकानाचं लायसन्स काढता त्या दिवशीच जवळपास ठरलेलं असतं.

मेडिक्लेम कसा विचार करतो

आपल्याकडचा साधा मेडिक्लेम हा मुळात हॉस्पिटलचा विमा आहे. पेशंट किमान २४ तास दाखल असला पाहिजे, हा मूळ नियम. काही उपचार डे केअरमध्ये बसतात, म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेलं तरी चालतं. बाहेरच्या बाहेर, ओपीडीत घेतलेल्या उपचाराचे पैसे मिळायला पॉलिसीत ओपीडी कव्हर वेगळं असावं लागतं, आणि ते बहुतेकांकडे नसतं.

आता पॉलिसीचं ते जाड पुस्तक उघडा आणि "काय मिळणार नाही" हे पान काढा. विमा नियामक आयआरडीएआयने ही यादी सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या शब्दांत ठरवून दिली आहे, आणि प्रत्येक कलमाला नंबर दिलाय. आपल्या कामाची तीन कलमं सांगतो.

कलम ५ : फक्त आराम, पुनर्वसन, देखभाल यासाठी दाखल झालात तर पैसे नाहीत.

कलम ११ : कंपनीने ज्या हॉस्पिटलांची किंवा डॉक्टरांची नावं वगळलेल्या यादीत टाकली आहेत, तिथल्या उपचाराचे पैसे नाहीत. जीवघेणी इमर्जन्सी किंवा अपघात असेल तरच थोडी सूट.

कलम १३ : स्पा, हेल्थ हायड्रो, निसर्गोपचार क्लिनिक आणि तशाच प्रकारच्या जागी घेतलेल्या उपचाराचे पैसे नाहीत.

कलम १३ परत वाचा. "स्पा आणि तशाच प्रकारच्या जागी" असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या बोर्डावर स्पा असेल, तर आत बसलेल्या माणसाची कंबर खरोखर धरलेली असली आणि तुमच्या हाताने ती खरोखर सुटली, तरी ते बिल पास होणार नाही. यात तुमच्या कौशल्याचा अपमान नाही. विमा कंपनीला एवढंच म्हणायचंय की मजेसाठी कोण आला आणि दुखण्यासाठी कोण आला हे तिला तिथे तपासता येत नाही.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून गोंधळू नका

यूट्यूबवर इंग्रजीत शोधलं की "मसाज थेरपीचं इन्शुरन्स बिलिंग" यावर ढीगभर व्हिडिओ सापडतात. ते खोटे नाहीत, पण ते तिकडचे आहेत. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मसाज थेरपिस्टला सरकारी लायसन्स असतं. उपचारांना कोड असतात. मसाजचा कोड ९७१२४, हाताने केलेल्या मॅन्युअल थेरपीचा ९७१४०, आणि दोन्ही १५ मिनिटांच्या एककात मोजतात. सीएमएस-१५०० नावाचा ठरलेला फॉर्म भरायचा, त्यावर आजाराचा कोड लिहायचा. शिवाय उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा होता हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा डॉक्टरची चिठ्ठी लागते. एवढं करूनही तिथली ज्येष्ठांची सरकारी योजना, मेडिकेअर, मसाज थेरपीचे पैसे देत नाही.

हे सांगायचं कारण दोन. एक, ते कोड आपल्या बिलावर छापून काहीही उपयोग नाही. दुसरं, तिकडेही तत्त्व तेच आहे : आजार, सल्ला, पात्र माणूस, नोंद. देश बदलला तरी विमा कंपनीचं डोकं सारखंच चालतं.

तीन बोर्ड, तीन धंदे

आता आपल्या महाराष्ट्रातलं बोलू. अंगाला हात लावून दुखणं कमी करणारे आपल्याकडे ढोबळमानाने तीन प्रकारचे धंदे आहेत. तुम्ही यातल्या कोणत्या बोर्डाखाली बसणार, हे ठरवा.

पहिला बोर्ड : मसाज किंवा वेलनेस सेंटर. यासाठी डॉक्टर लागत नाही. चांगले हात, स्वच्छ जागा, स्थानिक परवाने आणि ट्रेनिंग घेतलेला स्टाफ. मेडिक्लेमचं बिल इथून निघत नाही, विषय संपला. पण धंदा वाईट आहे असं अजिबात नाही. त्याबद्दल शेवटी बोलतो.

दुसरा बोर्ड : फिजिओथेरपी क्लिनिक. इथे पदवीधर, नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट हवाच. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र राज्य कौन्सिल आहे, आणि देशपातळीवर २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आहे. तुम्ही स्वतः फिजिओ नसाल तर तुम्ही जागा, मशीन आणि मॅनेजमेंट सांभाळू शकता. पण उपचार त्यांचा, सही त्यांची आणि नोंदणी नंबरही त्यांचाच.

या क्लिनिकचं बिल मेडिक्लेममध्ये कुठे बसतं? सगळ्यात मोठी वाट म्हणजे "हॉस्पिटलायझेशननंतरचा खर्च". समजा एखाद्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पॉलिसीत साधारण दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस यांचा खर्च धरलेला असतो, काही पॉलिसींत यापेक्षा जास्तही. त्या दिवसांत, त्याच आजारासाठी, सर्जनने लेखी सांगितलेली फिजिओथेरपी असेल तर ती मागता येते. "लेखी" या शब्दाखाली रेघ मारा. डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा सल्ला नसेल तर पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा की सर्जनकडून चिठ्ठी घेऊन या. दोन महिन्यांनी ती चिठ्ठी मिळवणं अवघड जातं. शिवाय उपचार सुरू झाल्यानंतरच्या तारखेची चिठ्ठी बघून क्लेमवाला माणूस भुवया उंचावतो.

आणखी एक गोष्ट. रस्ता अपघाताच्या केसमध्ये फिजिओची बिलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पुरावा म्हणून जातात. तेव्हा तुमचं साधं पावतीपुस्तक उद्या कोर्टात वाचलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवून लिहा.

तिसरा बोर्ड : आयुर्वेद, म्हणजे पंचकर्म. अभ्यंग, कटिबस्ती, पिंडस्वेद, बस्ती हे सगळं इथे येतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं अर्धं मसाजच वाटतं. पण मेडिक्लेमची दारं इथे उघडतात, कारण आयुष उपचारांना विम्यात मान्यता आहे. १ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांनी आयुष उपचाराला इतर उपचारांच्या बरोबरीने धरायचं, असं आयआरडीएआयने सांगितलंय. आधी पॉलिसीत "आयुषसाठी फक्त अमुक हजार" अशी बारीक मर्यादा असायची. जुन्या पॉलिसीचा कागद असेल तर नवीन नियम त्यात आलाय का, हे तपासून घ्या.

पण दार उघडं आहे म्हणजे कोणीही आत जाईल असं नाही. आयुष हॉस्पिटलसाठी विम्याच्या व्याख्येत काय मागितलंय बघा. किमान ५ आंतररुग्ण खाटा. चोवीस तास पात्र आयुष डॉक्टर. उपचारांसाठी स्वतंत्र विभाग. आणि पेशंटच्या रोजच्या नोंदी, कंपनीचा माणूस आला तर दाखवता येतील अशा. खाटा नसतील तर आयुष डे केअर सेंटर हा प्रकार आहे, पण तिथेही स्थानिक नोंदणी, नोंदणीकृत आयुष डॉक्टरची देखरेख आणि रोजच्या नोंदी लागतातच. वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे हवी. पेशंट दाखल करून घेणार असाल तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा, १९४९ खाली नोंदणी आली. त्यासाठी महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे जावं लागतं.

पंचकर्म टेक्निशियनचा कोर्स केलेल्या मित्रमैत्रिणींना इथे एक स्पष्ट सांगतो. त्या सर्टिफिकेटवर तुम्हाला वैद्यांच्या हाताखाली काम मिळतं, चांगलं मिळतं. पण त्या सर्टिफिकेटवर क्लेमचं बिल निघत नाही.

क्लेम कुठे अडकतो

पंचकर्माचे क्लेम नाकारले जातात त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे "दाखल करण्याची गरज नव्हती". कंपनी विचारते : हा उपचार ओपीडीत झाला असता ना? मग ठेवून का घेतलं? याचं उत्तर बिलात नसतं, केसपेपरमध्ये असतं. दाखल झाला तेव्हा दुखणं किती होतं, चालता येत होतं का, एमआरआय किंवा एक्स-रे काय सांगतो, आधी कोणते उपचार घेतले, रोज किती फरक पडला, हे सगळं वैद्यांनी लिहिलेलं हवं. "रुग्णास बरे वाटत आहे" हे एकच वाक्य दहा दिवस लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला कळतं की हे एकाच बैठकीत भरलंय.

मी मॅनेजमेंटवाला माणूस आहे, उपचाराचं बोलणार नाही. पण धंदेवाला म्हणून तुम्ही एक करू शकता : केसपेपर त्याच दिवशी पूर्ण झाल्याशिवाय रिसेप्शनने दिवस बंद करायचा नाही. किराणा दुकानात रात्री गल्ला जुळवतात ना, तसंच.

बिलावर काय हवं

माझं स्टेशनरी आणि बिलबुक छपाईचं दुकान आहे, त्यामुळे रोज तऱ्हेतऱ्हेची बिलं नजरेखालून जातात. फिजिओ किंवा आयुर्वेद क्लिनिकच्या बिलावर मी स्वतः ग्राहकाला या जागा ठेवायला सांगतो :

१. क्लिनिकचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक.
२. बिलाचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक सलग हवेत, मध्ये उडी नको.
३. पेशंटचं पूर्ण नाव, पॉलिसीवर आहे तसंच. पॉलिसीवर "सुनंदा" आणि बिलावर "नंदाताई" असेल तर तिथेच गाडी थांबते.
४. निदान, आणि कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्याने उपचार चालू आहेत ते.
५. प्रत्येक सेशनची वेगळी तारीख आणि वेगळा दर. "१० सेशन, एकूण इतके" असा एक आकडा पुरत नाही.
६. उपचार करणाऱ्याचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का.
७. पैसे मिळाल्याची पावती. बिल वेगळं, पावती वेगळी. क्लेमला दोन्ही लागतात.

पेशंट दाखल असेल तर याशिवाय डिस्चार्ज कार्ड, केसपेपरच्या प्रती, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि बिलं लागतात. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात : भाग अ पेशंट भरतो, भाग ब हॉस्पिटल भरतं. भाग ब भरायला कोणीच मोकळं नाही म्हणून पेशंटला चार चकरा मारायला लावू नका. तो पाचव्यांदा येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला पाठवतही नाही.

पहिली आकडेमोड : खोलीचं भाडं

आता वही काढा. समजा पेशंटची पॉलिसी २ लाखांची आहे आणि त्यात खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे २,००० रुपये. तुमच्याकडे त्याने २,५०० ची खोली घेतली, १० दिवस राहिला. बिल असं :

खोली २५,०००
उपचार आणि डॉक्टर व्हिजिट ३०,०००
औषधं ८,०००
एकूण ६३,०००

पेशंटला वाटतं, खोलीचे रोजचे ५०० वरचे, म्हणजे ५,००० खिशातून जातील, बाकी सगळं मिळेल. तसं होत नाही. त्याची पात्रता ८० टक्के खोलीची होती, म्हणून अशा अटीच्या पॉलिसीत उपचार आणि व्हिजिटचाही ८० टक्केच भाग धरतात. औषधं या कपातीतून सुटतात.

खोली २०,०००
उपचार आणि व्हिजिट २४,०००
औषधं ८,०००
मिळणार ५२,०००

खिशातून ११,०००. पेशंटच्या अपेक्षेपेक्षा ६,००० जास्त. आणि तो विमा कंपनीवर चिडत नाही, तुमच्यावर चिडतो. म्हणून दाखल करायच्या आधी पॉलिसीची प्रत मागा, खोलीची मर्यादा बघा आणि कागदावर लिहून दाखवा. तुमची ५ मिनिटं जातील, पण नातं टिकेल.

याशिवाय न मिळणाऱ्या वस्तूंची एक मोठी यादी असते. लाँड्री, मिनरल वॉटर, फोन, पाहुण्यांचं जेवण, पट्टे, गरम-थंड शेकाच्या पिशव्या, ब्युटी सर्व्हिस वगैरे. यांचे पैसे वेगळे घ्या आणि वेगळं सांगून घ्या. उपचाराच्या रकमेत लपवू नका.

दुसरी आकडेमोड : पैसा कधी येणार

कॅशलेसची मान्यता मिळाली की लोक पेढे वाटतात. थांबा. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत निर्णय द्यायला सांगितलंय. पण ही झाली मंजुरी. तुमच्या खात्यात पैसे येणं हा वेगळा प्रवास आहे.

समजा ५ खाटांचं पंचकर्म केंद्र. महिन्याचा खर्च : भाडं ६०,०००, डॉक्टरांचे पगार ८०,०००, तीन थेरपिस्ट ४५,०००, तेल-औषधं २०,०००, लाइट, धुलाई आणि किरकोळ १५,०००. एकूण २,२०,०००. महिन्याला ८ पेशंट, प्रत्येकी ३५,००० म्हणजे जमा २,८०,०००. कागदावर ६०,००० शिल्लक. छान.

आता त्यातले ४ पेशंट कॅशलेस धरा. म्हणजे १,४०,००० लगेच येतील आणि १,४०,००० नंतर. पहिल्या महिन्यात हातात १,४०,००० आणि खर्च २,२०,०००. नफ्यातला धंदा, तरी खिशात ८०,००० कमी! क्लेमचे पैसे दीड महिन्याने आले तर पुढच्या महिन्याची सुरुवातही अशीच ओढाताणीत. त्यात टीपीएकडून पैसे येताना १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे १,४०,००० वर १४,०००. तो बुडत नाही, रिटर्न भरताना हिशोबात येतो, पण तोपर्यंत हातात नसतो.

म्हणून माझा नियम सोपा आहे. कॅशलेसच्या मागे लागायच्या आधी किमान दोन महिन्यांचा पूर्ण खर्च बाजूला असला पाहिजे. नसेल तर पहिलं वर्ष रिइम्बर्समेंटवर चालवा : पेशंट तुम्हाला पैसे देतो, तुम्ही त्याला चोख कागद देता, तो कंपनीकडून घेतो. चोख कागद देणारं केंद्र म्हणून नाव झालं की कॅशलेसचं बोलणं पुढे सोपं जातं.

जीएसटीचं थोडक्यात

नोंदणीकृत डॉक्टर, पॅरामेडिक किंवा क्लिनिकने मान्यताप्राप्त पद्धतीत दिलेला उपचार जीएसटीतून मुक्त आहे. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार या मान्यताप्राप्त पद्धती आहेत. पण रिलॅक्सेशन पॅकेज, सौंदर्यासाठीचा मसाज हा उपचार नाही, ती वेलनेस सेवा आहे. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १८ वरून ५ टक्के झाला, मात्र इनपुट क्रेडिट मिळत नाही. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी आलीच. एकाच छताखाली दोन्ही करत असाल तर दोन वेगळ्या बिल मालिका ठेवा आणि सीएला पहिल्याच महिन्यात दाखवा.

इथे एक गंमत बघा. जे पॅकेज तुम्ही विमा कंपनीला उपचार म्हणून सांगता, तेच जीएसटीत वेलनेस म्हणून दाखवलं असेल, किंवा उलट, तर तुमचेच दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

"जरा वेगळ्या नावाने बिल द्या ना"

आता मुख्य मुद्दा. तुमचं साधं मसाज सेंटर आहे. जुनं गिऱ्हाईक आहे, चांगला माणूस आहे. तो म्हणतो, "भाऊ, ऑफिसमधून मेडिक्लेम आहे, वाया चाललाय. फिजिओथेरपी लिहून द्या ना. तुमचं काय जातंय?"

तुमचं काय जातं ते सांगतो. कंपनी बिलावरचा नोंदणी नंबर तपासते. शंका आली तर माणूस पाठवते, तो गिऱ्हाईक म्हणूनही येऊन बघतो. खोटं सापडलं की क्लेम गेला, आणि त्या चांगल्या माणसाची पॉलिसीही रद्द होऊ शकते. पॉलिसीला सलग ६० महिने झाले की कंपनी जुन्या माहितीवरून क्लेम नाकारू शकत नाही, असं संरक्षण कायद्यात आहे. पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही कामाला येत नाही. म्हणजे १५ हजारांच्या मसाजसाठी त्याने स्वतःच्या म्हाताऱ्या आईवडिलांचं छत्र पणाला लावलं, आणि तुम्ही त्याला शाई पुरवली. तुमच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आहे आणि कलम ३३६ खोटे दस्तऐवज बनवण्याचं. बिलबुक तुमचं, सही तुमची. "गिऱ्हाईकाने सांगितलं म्हणून" हे उत्तर तिथे चालत नाही.

छपाईच्या दुकानात मलाही कधी कधी असं विचारलं जातं, की बिलबुकावर नुसतं "हेल्थ क्लिनिक" छापा, नंबर नंतर टाकू. मी नम्रपणे नाही म्हणतो. ऑर्डर जाते. जाऊ दे.

नाही कसं म्हणायचं? रागावून नाही. असं म्हणा : "दादा, माझं सेंटर मेडिक्लेममध्ये बसत नाही. खोटं बिल दिलं तर उद्या तुमची पॉलिसी अडचणीत येईल. तुमची कंबर खरंच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, त्यांनी फिजिओ लिहून दिली तर अमुक क्लिनिकमध्ये जा. पॉलिसीत बसत असेल तर तिथे रीतसर बिल मिळेल." एक सेशन जाईल. माणूस जाणार नाही.

मग पहिल्या बोर्डवाल्यांनी काय करायचं?

विम्याशिवायही हा धंदा चालतो. बाळंतिणीचं आणि बाळाचं मालिश हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चालत आलंय, आणि कोणी मेडिक्लेम विचारत नाही. लोक विश्वासावर महिन्याचे पैसे देतात. हीच सेवा ट्रेनिंग घेतलेल्या बायका, ठरलेली वेळ, स्वच्छतेचे नियम आणि छापील पावती यांच्यासह दिली तर तो एक व्यवस्थित धंदा आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी ऑफिसांशी महिन्याचा करार करता येतो. तिथे पैसे कंपनीच्या वेलनेस बजेटमधून येतात, क्लेम नाही, कपात नाही. दहा सेशनचं आगाऊ पॅकेज विकलंत तर रोकड आधी हातात येते. वर बघितलेल्या पंचकर्म केंद्राच्या मालकाला हे सुख नाही!

आणि वाढायचंच असेल तर फिजिओ किंवा वैद्यांसोबत रीतसर भागीदारी करा किंवा त्यांना पगारावर ठेवा. पेशंट पाठवला की कमिशन, म्हणजे कट प्रॅक्टिस, त्यात पडू नका. डॉक्टरांच्या आचारसंहितेत ते बसत नाही, आणि अशा पायावर उभं केलेलं नातं पहिल्या भांडणात तुटतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातली मेडिक्लेम पॉलिसी काढा. कलम ५, ११, १३, खोलीची मर्यादा, आयुष आणि ओपीडी या सहा जागा शोधून खुणा करा.
२. एका पानावर लिहा : माझा बोर्ड पहिला, दुसरा की तिसरा? उपचारावर सही कोणाची? नोंदणी नंबर कोणाचा?
३. दुसरा किंवा तिसरा बोर्ड असेल तर वरच्या सात मुद्द्यांप्रमाणे बिलाचा कच्चा नमुना हाताने काढा.
४. दोन महिन्यांचा खर्च किती, आणि आज बाजूला किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर एका ओळीत लिहिता आलं नाही, तर बिलबुक छापायची घाई करू नका. हे दुकानदार म्हणून स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय!

पुढच्या भागात फिजिओ किंवा वैद्यांसोबत भागीदारीचा करार कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करा.